घरात बाळ येणार, मग भुरीला कुठे पाठवायचं?

मोरपंखी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतीच वाचत होते, आज गरज पडली म्हणून लिहायला बसले.

आमच्याकडे भुरी आहे. सहा वर्षांची भाटी, म्हणजे मांजरी, पूर्ण घरातली. लग्नाआधीपासून माझ्याजवळ आहे, म्हणजे या घरात आम्ही दोघी एकाच दिवशी आलो. मला आता अकरावा आठवडा चालू आहे. बातमी सांगितली तेव्हा सासूबाईंचं पहिलं वाक्य होतं "देव पावला", आणि दुसरं, "मग आता या मांजरीचं काय?"

सासूबाई वाईट नाहीत हो. भुरीला त्या "बाईसाहेब" म्हणतात आणि मी नसताना तिच्याशी गप्पाही मारतात, मी ऐकलंय. पण त्या दिवसापासून रोज कुणीतरी काहीतरी सांगतंय. केस पोटात जातात आणि गाठ होते. मांजर बाळाच्या तोंडाशी बसून श्वास ओढते. मोठ्या नणंदबाईंनी तर तिच्यासाठी घरही शोधून ठेवलंय. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाल्या, "मांजर आहे? जरा जपा." एवढं बोलून पुढच्या पेशंटला हाक. जपा म्हणजे नक्की काय करा?

काल रात्री भुरी नेहमीसारखी पायावर येऊन बसली आणि मी पाय काढून घेतले. सहा वर्षांत पहिल्यांदा. तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि खुर्चीवर जाऊन बसली. मग मला झोपच आली नाही.

कुणी या सगळ्यातून गेलंय का? प्राणी घरच्यासारखे ठेवून माणसांनी तब्येत कशी सांभाळायची, नीट कारणांसकट सांगा. "काही होत नाही गं" नको आणि "काढून टाक" पण नको.

चष्मिष

अभिनंदन! माझ्या बायकोच्या दोन्ही वेळी घरात मांजर होतं. दोन्ही मुलं धडधाकट आहेत. काही होत नाही गं. (सॉरी, हेच नको होतं ना!)

टापटीप

मी पशुवैद्य आहे, त्यामुळे थोडं लांबेल. चहा घेऊन बसा.

डॉक्टरांच्या मनात जे होतं त्याचं नाव टॉक्सोप्लाझ्मा. हा एक सूक्ष्म परजीवी. १९०८ मध्ये ट्युनिसमध्ये गुंडी नावाच्या उंदरासारख्या प्राण्यात तो पहिल्यांदा दिसला, पण यात मांजराचा हात आहे हे कळायला जवळजवळ १९७० उजाडलं. त्याची अंडी फक्त मांजराच्या कुळातल्या प्राण्यांच्या विष्ठेतून बाहेर पडतात. गरोदरपणात आईला हा संसर्ग पहिल्यांदाच झाला तर तो बाळापर्यंत पोचू शकतो आणि डोळे-मेंदूला इजा करू शकतो. म्हणजे भीती खोटी नाही.

आता पुढचं नीट वाचा. मांजराला हा संसर्ग होतो तो उंदीर, पक्षी मारून खाल्ल्यामुळे किंवा कच्च्या मांसामुळे. झाला की साधारण एक ते तीन आठवडे ती अंडी टाकते, आणि बहुतेक मांजरांच्या बाबतीत हे आयुष्यात एकदाच घडतं. सहा वर्षांची, घराबाहेर न जाणारी, शिजवलेलं किंवा पाकिटातलं कोरडं खाणारी भुरी नेमकी तुमच्या या नऊ महिन्यांतच अंडी टाकेल ही शक्यता फार कमी आहे.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती अंडी बाहेर पडतात त्या क्षणी निरुपद्रवी असतात. पिकायला त्यांना एक ते पाच दिवस लागतात. म्हणून तिचा शी-शूचा ट्रे रोजच्या रोज साफ झाला की खेळ तिथेच संपतो. दिवसेंदिवस साठवलेला ट्रे हाच काय तो मांजराकडून धोका. आणि हे काम तुम्ही नाही करायचं, नवऱ्याने करायचं. घरात दुसरं कुणीच नसेल तर हातमोजे घालून, आणि नंतर साबणाने हात धुऊन.

भुरीला कुरवाळल्याने हे सहसा होत नाही. मांजर दिवसभर स्वतःला चाटून साफ करत असते, अंगावर काही टिकू देत नाही. उलट गरोदर बाईला टॉक्सो होतो तो बऱ्याचदा अर्धकच्च्या मांसातून, न धुतलेल्या भाजीतून नाहीतर कुंडीतली माती उकरताना. बाहेरच्या मांजरांनी त्या मातीत काय केलंय हे आपल्याला कुठे माहीत असतं! सासूबाईंना विचारा, घरातल्या कुंड्या कुणाला देऊन टाकायच्या आहेत का.

एक रक्ततपासणी असते, आयजीजी आणि आयजीएम या प्रतिपिंडांची (अँटीबॉडींची). पूर्वी कधीतरी संसर्ग होऊन गेलेला असेल तर शरीराकडे त्याची ओळख असते आणि बाळाला सहसा धोका नसतो. कधीच झालेला नसेल तर जपायचं. तुमच्या डॉक्टरांना विचारून करून घ्या.

मोरपंखी

टापटीप, एका दमात दोनदा वाचलं. "निरुपद्रवी असतात, पिकायला वेळ लागतो" हे वाक्य नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला, कारण आमच्याकडे ट्रे "वीकेंडला" साफ होतो.

उगाचच

वाचतोय. पण एक विचारू का? प्राणी तो प्राणी. त्याला बाळ म्हणायचं, त्याचा वाढदिवस करायचा, आणि मग त्याच्यामुळे आजारी पडलो की इथे येऊन विचारायचं. आमच्या लहानपणी कुत्रं अंगणात असायचं, मांजर तिच्या मर्जीने यायची-जायची. कुणाला काही झालेलं आठवत नाही.

रातकिडा

उगाचच, तुमच्या लहानपणी कुणाला काही झालं नाही हे बरं झालं. आमच्या घरातल्या एकाला होता होता वाचलं, म्हणून लिहितो.

धाकटा भाऊ तेव्हा नऊ वर्षांचा. आमचा कुत्रा राजा, घरचाच, लाडाचा. बाहेरच्या कुत्र्यांशी झोंबून आला होता. भावाने त्याची जखम बघायला हात घातला आणि राजाने दुखावून त्याच्या पोटरीला दात लावले. दोन थेंब रक्त. आई म्हणाली, "आपलाच कुत्रा आहे, त्याला काय होतंय." राजाची रेबीजची लस दीड वर्षापूर्वी संपली होती, हे नंतर कार्ड काढून बघितलं तेव्हा कळलं.

शेजारच्या नर्सबाई आल्या. त्यांनी भावाला उचलून मोरीत बसवलं, नळ पूर्ण सोडला आणि साबणाची वडी हातात घेतली. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून पंधरा मिनिटं. भाऊ रडून थकला, साबण संपत आला, आई म्हणाली पुरे आता, बाई म्हणाल्या अजून सहा मिनिटं. त्यांनी ना पट्टी बांधू दिली ना कसला लेप लावू दिला. तिथून थेट दवाखान्यात. लस तर दिलीच, शिवाय जखमेभोवती तयार प्रतिपिंडांचं वेगळं इंजेक्शन, ज्याला इम्युनोग्लोब्युलिन म्हणतात. राजा पुढे दहा दिवस ठणठणीत राहिला, म्हणजे त्याच्या लाळेतून काही आलं नव्हतं. पण ते दहा दिवस आईने जे काढले ते तिलाच माहीत.

मला तेव्हा वाटलं होतं की साबणाने काय होणार. मोठा झाल्यावर वाचलं. या विषाणूला वरून चरबीचं वेष्टण असतं, ते साबणाने फुटतं. आत शिरला की तो रक्तातून नाही, मज्जातंतूंतून हळूहळू मेंदूकडे सरकतो. लक्षणं दिसायला बहुतेकदा दोन-तीन महिने लागतात, आणि तेवढ्या अवधीत लस पुढे निघून जाते. एकदा लक्षणं दिसली की मग जवळजवळ कुणीच वाचत नाही.

टापटीप

रातकिडा, त्या नर्सबाईंना माझा नमस्कार सांगा. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की जगात वर्षाला सुमारे ५९,००० माणसं रेबीजने जातात, आणि माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्के कुत्र्यामुळे. लुई पाश्चरने जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्याच मुलाला पहिल्यांदा लस टोचली ती ६ जुलै १८८५ ला. म्हणजे उपाय हातात येऊन सुमारे एकशेचाळीस वर्षं झाली.

थोडं नेमकं सांगतो, कारण यात लोक गडबडतात. अखंड कातडीवर चाटलं तर धुवा, बाकी काही लागत नाही. रक्त न येता ओरखडा किंवा हलका चावा असेल तर धुवा आणि लस घ्या. रक्त आलं, किंवा फुटलेल्या कातडीवर, डोळ्यात, तोंडात लाळ गेली, तर धुवा, लस आणि इम्युनोग्लोब्युलिन तिन्ही. पूर्वी पूर्ण कोर्स झालेला असेल तर सहसा दोनच डोस, एक त्याच दिवशी आणि दुसरा त्यानंतर तीन दिवसांनी, आणि मग इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. "आपलाच कुत्रा आहे" हे या यादीत कुठेही बसत नाही. त्याचं कार्ड बसतं. मांजरालाही रेबीजची लस लागते, हे सांगितल्यावर निम्मे लोक माझ्याकडे संशयाने बघतात.

चोचले

आमच्याकडे पक्षी आहेत (ज्यांना सगळे लव्हबर्ड म्हणतात ते, खरं म्हणजे बजरीगर). त्यांचं पण सांगा ना कुणी. पिंजरा मी झाडते तेव्हा नाकातोंडात धूळ जाते.

टापटीप

चोचले, कोरडं झाडू नका! आधी पाणी शिंपडा, ओलं झालं की पुसून घ्या. पोपटाच्या कुळातल्या पक्ष्यांकडून सिटॅकोसिस होऊ शकतो, वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासातून जाते आणि न्यूमोनियासारखं दुखणं येतं. १९२९-३० मध्ये पाळीव पोपटांच्या व्यापारातून याची साथ अनेक देशांत पसरली होती. पक्षी फुगून बसत असेल, डोळे चिकटत असतील तर आधी त्याला दाखवा. आणि तुम्हाला ताप-खोकला झाला तर डॉक्टरांना घरात पक्षी आहेत हे सांगा. तुम्ही सांगितलं नाही तर त्यांना सुचायचं नाही.

निळाशार

या शेवटच्या वाक्यावर माझा अख्खा जन्म आहे.

माझ्याकडे फिश टँक आहे, मोठा. वर्षभरापूर्वी उजव्या हाताच्या बोटावर एक फोड आला. दुखत नव्हता, पण जातही नव्हता. एका डॉक्टरांनी बुरशी म्हणून मलम दिलं, दुसऱ्यांनी चामखीळ म्हणून जाळायचं ठरवलं. दोन महिने गेले. मग मनगटाकडे रांगेत आणखी दोन गाठी उठल्या, एखाद्या माळेसारख्या. तिसऱ्या डॉक्टरांनी बोट बघितलंच नाही. आधी विचारलं, "मासे पाळता का?"

मायकोबॅक्टेरियम मरायनम. क्षयाच्या जंतूचा लांबचा भाऊ म्हणा, टँकच्या पाण्यात असतो आणि हाताला बारीक कापलेलं असेल तर तिथून आत जातो. शरीरभर पसरत नाही, कारण त्याला थंडावा आवडतो, म्हणून बोटं आणि हातच धरतो. काही महिने गोळ्या घेतल्या, गेलं. आता कोपरापर्यंत मोजे घालतो. मासे आहेतच, ते कुठे जातात.

चष्मिष

मासे पण?! मी मुलीला "कुत्रा नको, मासे आण, त्यांचा काही त्रास नसतो" म्हणून गप्प केलं होतं.

निळाशार

मोजे द्या तिला. कासव मात्र आणू नका. त्यांच्या अंगावर साल्मोनेला हा जुलाब करणारा जंतू असतो आणि कासव दिसायला आजारी नसतं. अमेरिकेत १९७५ साली चार इंचांपेक्षा लहान कवचाची कासवं विकायलाच बंदी घातली, कारण पोरं ती थेट तोंडात घालायची.

उगाचच

म्हणजे आता मासाही शत्रू. आणि मी जे म्हणतो तेच तुम्ही सगळे सिद्ध करताय.

सांजसावली

उगाचच, शत्रू वगैरे काही नाही. मी बराच वेळ गप्प बसले होते. सगळे जंतूंवर बोलताहेत, पण आमच्या घरात हाड मोडलं.

आजी ऐंशीची. पहाटे उठून न्हाणीघराकडे जाताना अंधारात आमच्या कुत्रीवर पाय पडला. कुत्री उंबऱ्यात आडवी झोपते, कारण तिला आजीच्या खोलीच्या जवळ राहायचं असतं. आजीचा खुबा मोडला. नंतर वाचनात आलं की २००९ साली अमेरिकेच्या सीडीसीने (तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने) हिशेब मांडला होता, तिथे कुत्र्या-मांजरांमुळे पडून दवाखान्यात जाणाऱ्यांचा आकडा वर्षाला साधारण ८६,०००. लीशमध्ये पाय अडकून, पळत्या कुत्र्याने ओढून, पायात मांजर घुटमळून.

आम्ही काय केलं तर पॅसेजमध्ये रात्रभर एक मिणमिणता दिवा ठेवला, कुत्रीच्या गळ्यात एक लहान घुंगरू बांधलं आणि तिची गादी उंबऱ्यातून भिंतीलगत सरकवली. घुंगरू सगळ्यात कामाचं निघालं. आजी आता पाय टाकायच्या आधी थांबून ऐकते. कुत्रीला द्यायची का, असं मामाने विचारलं होतं. आजीच ओरडली त्याच्यावर. खुब्याच्या ऑपरेशननंतर ती चालायला लागली तीच कुत्रीला "फिरवायला" म्हणून, म्हणजे दारापासून झाडापर्यंत. फिजिओथेरपीचा तक्ता भिंतीवर नुसता लटकत होता.

पानगळ

सांजसावली, वाचून बरं वाटलं.

मी केमोवर होते तेव्हाची गोष्ट लिहिते, म्हणजे मोरपंखीसारख्या इतरांनाही उपयोग होईल. पांढऱ्या पेशी खाली होत्या. नातेवाइकांनी आमच्या दोन्ही मांजरांना हलवायची तयारी केली. माझ्या डॉक्टरांनी मात्र नीट यादी करून दिली. जुनी, लसीकरण झालेली, घरातली मांजरं राहू देत. उपचार चालू असताना नवं पिल्लू आणायचं नाही, कारण ओरखडे आणि जुलाब या दोन्ही गोष्टी पिल्लांकडे जास्त. ट्रेला हात लावायचा नाही. मांजरांना कच्चं मांस घालायचं नाही. पिसवांचा बंदोबस्त करायचा. नखं कापून ठेवायची. तोंड चाटू द्यायचं नाही.

नखांचं कारण मला तेव्हाच कळलं. पिसवांच्या विष्ठेतला बार्टोनेला नावाचा जंतू मांजराच्या नखात अडकतो, ओरखडला की आपल्यात येतो, आणि एक ते तीन आठवड्यांनी काखेत किंवा मानेत गाठ सुजते. धडधाकट माणसाची बहुतेकदा आपोआप बरी होते, पण माझ्यासारखीला परवडणारं नव्हतं. म्हणजे मांजर हलवण्यापेक्षा पिसवा हलवणं महत्त्वाचं.

उलट्यांच्या रात्री एक मांजर बाथरूमच्या दाराबाहेर बसायची, आत यायची नाही. उजाडेपर्यंत तिथेच.

उगाचच

ठीक. पानगळ, तुम्ही बऱ्या झालात ना?

पानगळ

हो. तीन वर्षं झाली.

टापटीप

तोंड चाटण्याचा विषय निघालाच आहे तर बोलतो. कुत्र्याच्या तोंडात कॅप्नोसायटोफॅगा नावाचा जंतू सहज असतो. आपल्यासारख्यांना तो काही करत नाही. पण ज्यांची प्लीहा काढलेली आहे किंवा प्रतिकारशक्ती फारच कमी आहे, त्यांना तो थेट अतिदक्षता विभागात नेऊ शकतो. म्हणून "चाटू द्यावं का?" याचं एक उत्तर नसतं, कुणाला चाटतोय हे बघावं लागतं. माझा कुत्रा माझा हात चाटतो, मी तो धुतो. चेहऱ्यावर मी येऊ देत नाही. तो तोंडानं नक्की काय काय साफ करतो हे धंद्यामुळे मला जरा जास्तच माहीत आहे.

मांजराचा चावा मात्र कधीच हलक्यात घेऊ नका. कुत्र्याचा दात फाडतो, म्हणून जखम मोठी दिसते आणि माणूस धावतो. मांजराचा दात सुईसारखा आत जातो, वरचं भोक मिटतं आणि पाश्चरेला नावाचा जंतू आत कोंडला जातो. चोवीस तासांच्या आत बोट लाल, गरम, ठणकायला लागतं. त्यातून चावा हाताच्या सांध्यावर असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे. मला स्वतःला या एका चाव्यामुळे चार दिवस सलाइनवर पडावं लागलं होतं.

चष्मिष

माझा मुद्दा ॲलर्जीचा. मला मांजराची ॲलर्जी आहे हे मला दुसरं मूल झाल्यावर कळलं (म्हणून नाव चष्मिष, डोळे सतत लाल!). सगळे म्हणाले केस काप, केस न गळणारी जात आण. मग तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी समजावलं की दोष केसांचा नाहीच. मांजराच्या लाळेत आणि कातडीच्या ग्रंथींत फेल डी १ नावाचं प्रथिन असतं. ती अंग चाटते, लाळ वाळते, त्याचा अगदी बारीक कोंडा हवेत तासन्‌तास तरंगतो आणि कपड्यांना चिकटून दुसऱ्याच्या घरीही पोचतो. म्हणून केस नसलेल्या मांजरीचीही ॲलर्जी येते. आणि मांजर घरातून गेली तरी ते चार-सहा महिने गाद्या-सोफ्यांत राहतं. म्हणजे "आठवडाभर पाठवून बघू, फरक पडतो का" हा प्रयोग निकामी.

मी काय केलं तर बेडरूम तिला बंद, सोफ्याच्या खोळी दर आठवड्याला गरम पाण्यात, हवेतली बारीक धूळ अडवणारा हेपा फिल्टर, झाडूऐवजी ओलं फडकं आणि सकाळी गोळी. दम्यापर्यंत गेलं असतं तर तिला चांगलं घर शोधून दिलं असतं, खोटं कशाला बोलू. श्वासापेक्षा मोठं काही नाही.

मोरपंखी

केस पोटात जाऊन गाठ होते त्याचं कुणी सांगेल का? नणंदबाईंचा हा हुकमी एक्का आहे.

टापटीप

हा प्रश्न मला आवडतो, कारण यात मोठी माणसं अर्धी बरोबर असतात.

केस गिळला तर तो जसा आत जातो तसा बाहेर पडतो. पण कुत्र्याच्या पोटात एकायनोकॉकस नावाची एक फार छोटी पट्टकृमी असू शकते. कुत्र्याने जनावरांचे कच्चे अवयव खाल्ले तर ती येते. तिची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात आणि अंगावरच्या केसांनाही चिकटतात. ती आपल्या पोटात गेली तर यकृतात किंवा फुप्फुसात पाण्याची गाठ वाढते, वर्षानुवर्षं, हळूहळू. हायडॅटिड म्हणतात. जुन्या लोकांनी कुत्रा आणि गाठ यांचा संबंध जोडला तो असा कुठूनतरी आला असावा, असं माझं मत. चूक झाली ती केसाला धरण्यात. उपाय म्हणजे कच्चं न घालणं, वेळेवर जंताचं औषध आणि जेवायच्या आधी हात धुणं. तुमच्या घरातल्या मांजरीचा यात संबंध नाही, हे नणंदबाईंना जरूर सांगा.

जंतांचं एकदाच सांगून टाकतो. कुत्र्याच्या पिल्लाला आईच्या पोटातूनच गोलकृमी येतात, म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी औषध, आठव्या आठवड्यापर्यंत. मग सहा महिन्यांचं होईतो महिन्याला. मोठ्या प्राण्याला साधारण तीन महिन्यांनी. याही जंताची अंडी ताजी असताना निरुपद्रवी, मातीत दोन-तीन आठवडे पडली की पिकतात आणि मातीत खेळणाऱ्या पोरांच्या नखांतून तोंडात जातात. कधीकधी अळी डोळ्यात जाते. म्हणून फिरायला नेल्यावर कुत्र्याची शी त्याच वेळी उचलायची. शेजारी ओरडतात हे दुय्यम कारण. (मघाशी मी "ताजं ते निरुपद्रवी" म्हटलं ते टॉक्सो आणि गोलकृमीपुरतं. वरच्या पट्टकृमीची अंडी आणि जिआर्डिया (जुलाब करणारा एक परजीवी) ताज्यातूनच लागतात. म्हणून हात धुण्यात सूट नाही.)

रातकिडा

आपल्याकडून त्यांना काय होतं, हेही लिहा की. माझ्या मित्राने ताप आलेल्या मांजरीला प्रेमाने पॅरासिटामॉलची अर्धी गोळी दिली होती. दुसऱ्या दिवशी गेली ती.

टापटीप

हो. मांजराचं यकृत ती गोळी पचवूच शकत नाही, रक्त तपकिरी पडतं. अर्धी गोळीही पुरते. कुत्र्यासाठीचं परमेथ्रिनचं गोचीड-औषध मांजराला लावलं तर झटके येतात. लिलीची फुलं फुलदाणीत असतील आणि मांजराने नुसते पराग चाटले तरी मूत्रपिंड जाऊ शकतं. कुत्र्याला विष म्हणजे चॉकलेट, द्राक्षं-मनुका, कांदा-लसूण, आणि बिनसाखरेच्या च्युइंगमला गोडी आणणारं झायलिटॉल. आणि घरात सिगारेट ओढणारा असेल तर धुराचा थर मांजराच्या अंगावर बसतो आणि ती तो चाटून पोटात घेते.

उगाचच

आता मी कबुलीजबाब देऊन टाकतो. माझ्याकडे कुत्रा आहे. तेरा वर्षांचा. अंगणात नसतो, माझ्या अंथरुणात असतो. बायको गेल्यापासून. वाढदिवस करत नाही, हे खरं आहे. "बाळ" वगैरे म्हणत नाही. पण रात्री त्याचा श्वास ऐकू आला नाही तर हात लावून बघतो.

सांजसावली

अहो मग इतका वेळ भांडत काय होतात!

पानगळ

उगाचच, एक गोष्ट सांगू? जर्मनीत बॉनजवळ १९१४ साली एक थडगं सापडलं, सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीचं. एक पुरुष, एक बाई, आणि त्यांच्यासोबत पुरलेलं सातएक महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू. त्याचे दात अलीकडे पुन्हा तपासले तेव्हा दिसलं की त्याला लहानपणी डिस्टेंपर हा कुत्र्यांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार झाला होता. त्या दुखण्यात पिल्लू माणसाने पाणी पाजल्याशिवाय, ऊब दिल्याशिवाय आठवडेच्या आठवडे तगत नाही. त्या पिल्लाचा शिकारीला काडीचा उपयोग नव्हता. तरी कुणीतरी ते सांभाळलं.

उगाचच

(बराच वेळ काही लिहिलं नाही, माफ करा.) अंथरुणात ठेवू की नको?

टापटीप

तुम्ही ठणठणीत आहात, तो लस घेतलेला, जंताचं औषध वेळेवर, पिसवा-गोचीड नाहीत, तर ठेवा. चादर आठवड्याला गरम पाण्यात. तेरा वर्षांचा आहे म्हणजे पलंगावर उडी मारताना गुडघे दुखत असतील, एक पायरी करून द्या.

मोरपंखी

महिनाभराने खबर द्यायला आले. तपासणी झाली. आयजीजी निगेटिव्ह, म्हणजे मला हा संसर्ग कधीच झालेला नाही, म्हणून बाळ येईपर्यंत जपायचं. ट्रे नवऱ्याकडे, रोज सकाळी, दात घासायच्या आधी. सासूबाईंनी त्यावर स्वतःहून देखरेख घेतलीय. काल त्याला उशीर झाला तर दारात उभ्या राहून म्हणाल्या, "अरे पिकेल ना ते!" कुंड्या सासऱ्यांकडे गेल्या. भाज्या दोनदा धुतल्या जातात. नणंदबाईंनी शोधलेलं घर रद्द केलं. त्या जरा नाराज आहेत, पण भुरीची नखं कापायला पकडून त्याच बसल्या होत्या.

पाळण्याचं काय करायचं ते आताच सांगून ठेवा, म्हणजे तयारीला वेळ मिळेल.

टापटीप

पाळणा आत्ताच खोलीत आणून ठेवा आणि भुरीला त्यात चढायची सवय लागू देऊ नका. बाळ आल्यावर सवय मोडण्यापेक्षा हे सोपं. श्वास ओढते वगैरे काही नाही, तिला उबेची हौस असते. पण तान्ह्याला मान धरता येत नाही, म्हणून बाळ झोपलंय तिथे तिला एकटीला सोडायचं नाही, दार लावायचं. दवाखान्यातून बाळाचं एक दुपटं आधी घरी पाठवा, तिला हुंगू द्या. आणि पहिल्या दिवशी तुम्ही रिकाम्या हातांनी आत या, बाळ दुसऱ्या कुणाच्या कडेवर असू दे. ती आधी तुम्हाला शोधत येईल.

मोरपंखी

बरं. भुरी परत पायावर बसायला लागलीय, पण पहिले चार दिवस मुद्दाम नवऱ्याच्या पायावर बसत होती.

उगाचच

पायरी करून दिली. बघतोय तिच्याकडे आणि उडीच मारतोय. बरं, त्याच्या कानामागे एक गोचीड सापडलाय. जाळायचा का?

टापटीप

जाळायचा नाही, तेलही लावायचं नाही, तो आणखी लाळ आत सोडतो. टोकदार चिमट्याने अगदी कातडीलगत धरा आणि न पिरगळता सरळ वर ओढा. बाटलीत स्पिरिट घालून त्यात टाका, नखांनी चिरडू नका.

उगाचच

निघाला. डोक्यासकट.

टापटीप

चष्मा लावून दुसरा कानही बघा.

उगाचच

अजून दोन आहेत.